पाठ असलेला शब्द आणि जिभेवरचा शब्द: इंग्रजीच्या प्रकल्प नोंदी

५ जानेवारी

आजपासून सुरू. सहा महिने, रोज पाऊण तास, आणि जे जे करेन ते इथे तारखेनिशी लिहून ठेवणार, म्हणजे नंतर कळेल तरी की नेमका कशाने फरक पडला आणि कुठे नुसताच वेळ गेला.

अडचण आधी नीट मांडते. वाचताना मला इंग्रजी अडत नाही, रिपोर्ट असो की कादंबरी, कळतं. पण बोलायला लागले की तेच ते पन्नास-साठ शब्द फिरून फिरून येतात. आज एका विषयावर पाच मिनिटं बोलून मोबाइलवर रेकॉर्ड केलं आणि परत ऐकलं, 'गुड' ११ वेळा, 'व्हेरी' १४ वेळा, 'प्रॉब्लेम' ९ वेळा. आणि मीटिंगमध्ये कुणी 'लेट्स प्ले इट बाय इअर' म्हणालं की प्रत्येक शब्द ओळखीचा असूनही अर्थ हाताला लागत नाही, आणि मी विचार करेपर्यंत बोलणं पुढे निघून गेलेलं असतं.

प्लॅन सध्या असा: अवघड शब्दांची १२०० ची यादी मिळाली आहे, रोज २० शब्द, समोर मराठी अर्थ, सगळं अँकी या उजळणीच्या अॅपमधल्या फ्लॅशकार्डवर.

११ जानेवारी

१४० शब्द झाले. मेटिक्युलस, टेनेशियस, अँबिव्हॅलंट, युबिक्विटस वगैरे. कार्ड उलटायच्या आधीच अर्थ आठवतोय, वेग छान आहे.

१९ जानेवारी

आज वेगळी परीक्षा घेतली. पहिल्या आठवड्यातल्या त्या १४० शब्दांचे फक्त मराठी अर्थ समोर ठेवले आणि इंग्रजी शब्द कोऱ्या कागदावर लिहायला घेतले. ३८ आले. इंग्रजी शब्द बघून अर्थ सांगायचा तर शंभराच्या वर येतात, पण अर्थावरून शब्द आठवायचा तर ३८, आणि बोलताना नेमकं हेच दुसरं काम करावं लागतं ना, मनात अर्थ असतो आणि शब्द शोधायचा असतो! म्हणजे मी आठवडाभर उलट्या दिशेने सराव करत होते.

विसरण्याबद्दल थोडं वाचलं. हर्मन एबिंगहाउसने स्वतःवरच प्रयोग केले होते, निरर्थक अक्षरगट पाठ करायचे आणि किती वेळाने किती उरतं ते मोजायचं, १८८५ मध्ये ते छापून आलं. सगळ्यात मोठी गळती पहिल्या काही तासांत आणि पहिल्या दिवसात होते, नंतर वेग मंदावतो. त्यामुळे उजळणी एका दिवशी दहा वेळा करण्यापेक्षा उद्या, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने, मग पंधरा दिवसांनी अशी लांबवत नेलेली जास्त टिकते. अँकी आतून हेच करतं, आणि त्याच्या आधी १९७० च्या दशकात सेबास्टियन लाइटनरने पुठ्ठ्याच्या डब्यांवर हेच बसवलं होतं, आलं ते कार्ड पुढच्या डब्यात, चुकलं ते परत पहिल्या डब्यात.

बदल दोन. रोज २० ऐवजी ८ शब्द. आणि कार्डाची पुढची बाजू मराठी, मागची इंग्रजी.

२८ जानेवारी

आजची नोंद लिहायला जड जातंय पण लिहिते, कारण या प्रकल्पात आत्तापर्यंत सगळ्यात जास्त मला इथे शिकायला मिळालं.

टीममधल्या एका सहकाऱ्याने फार सुंदर काम केलं होतं, किचकट गोष्ट त्याने तीन पायऱ्यांत आणून ठेवली होती. मला मनापासून कौतुक करायचं होतं. माझ्या कार्डावर 'सिंप्लिस्टिक' समोर लिहिलेलं होतं 'साधा, सोपा', म्हणून सगळ्यांसमोर म्हणाले, 'आय लाइक इट, इट्स अ व्हेरी सिंप्लिस्टिक सोल्युशन.' तो क्षणभर थांबला आणि शांतपणे विचारलं, काय राहून गेलंय असं तुम्हाला वाटतं?

मला प्रश्नच कळला नाही. नंतर इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश उघडला तेव्हा उलगडा झाला. 'सिंपल' म्हणजे साधं. 'सिंप्लिस्टिक' म्हणजे विषयातली गुंतागुंत लक्षातच न घेता वरवर सोपं करून टाकलेलं. ती चक्क टीका आहे. त्याच्या मेहनतीला मी सगळ्यांसमोर उथळ म्हणाले होते. संध्याकाळी त्याला फोन करून समजावून सांगितलं, त्याने मोठ्या मनाने घेतलं, पण मला दिवसभर ते लागून राहिलं.

यादी आज बंद. अर्थ चुकीचा होता असंही नाही, अपुरा होता, आणि अपुरा अर्थ हा माहीत नसलेल्या शब्दापेक्षा जास्त घात करतो कारण माहीत नसलेला शब्द आपण वापरतच नाही.

२ फेब्रुवारी

नवीन कार्ड कसं असावं यावर दोन दिवस घालवले. आता प्रत्येक कार्डावर तीन गोष्टी: शब्द कुठल्या प्रसंगात येतो त्याचं एक वाक्य, त्याच्या आजूबाजूला नेहमी कोण असतं, आणि त्याचा सूर कसा आहे, म्हणजे कौतुकाचा, टीकेचा, दफ्तरी की घरगुती.

यातलं मधलं फार महत्त्वाचं. शब्दाची ओळख त्याच्या संगतीवरून पटते, हा विचार जे. आर. फर्थ या भाषाशास्त्रज्ञाने १९५७ मध्ये मांडला होता. मराठीत आपण हे न शिकता करतो. झोप गाढ लागते, धुकं दाट पडतं, निराशा घोर होते, शिस्त कडक असते. 'घोर आनंद' कुणी म्हणत नाही, व्याकरणात काहीच चूक नसली तरी कान लगेच सांगतो की हे आपलं नाही. इंग्रजीचा तो कान मला बनवायचाय. पाऊस 'हेवी' पण वारा 'स्ट्राँग'. निराश व्हायचं ते 'बिटरली', खेद वाटायचा तो 'डीपली', शक्यता नसेल तर 'हायली अनलाइकली'. आणि 'कॉज' सारखा साधा शब्द बघा, त्याच्यामागे बहुतेक वेळा वाईटच येतं, प्रॉब्लेम, डिले, डॅमेज, कन्फ्युजन. म्हणून 'युवर हेल्प कॉज्ड माय सक्सेस' हे वाक्य कळतं सगळ्यांना पण कानाला टोचतं.

जुनी १४० कार्डं उडवली नाहीत, एकेक करून या साच्यात बसवतेय. आज ११ झाली.

१० फेब्रुवारी

एक मोठी गाठ सुटली. इंग्रजीत एकाच गोष्टीला तीन-तीन शब्द का असतात, आणि मी नेमका चुकीचा का उचलते.

१०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं आणि पुढे बराच काळ दरबाराची, वरच्या वर्गाची भाषा फ्रेंच होती. सामान्य माणूस आपली जुनी जर्मानिक कुळातली भाषाच बोलत राहिला. वरून चर्चची आणि पंडितांची लॅटिन. त्यामुळे थर साचले: 'आस्क' हा घरातला, 'क्वेश्चन' फ्रेंचमधून आलेला, 'इंटरॉगेट' लॅटिनचा. तसंच 'किंगली', 'रॉयल', 'रीगल'. अर्थ जवळचा पण वजन वेगळं.

आणि हे तर मराठी माणसाला समजावून सांगायची गरजच नाही! आपल्याकडे पाणी आणि जल, घर आणि सदन, विचारणं आणि पृच्छा करणं, शिवाय फारसी-अरबीतून आलेले हुकूम, जबाब वेगळेच. 'आई, जल दे' असं आपण म्हणत नाही. पण इंग्रजीत मी तेच करत होते, 'स्टार्ट' च्या जागी 'कमेन्स', 'यूज' च्या जागी 'युटिलाइझ', आणि वाटायचं की भाषा सुधारतेय. मोठा शब्द म्हणजे पुढची पायरी नाही, पुढची पायरी म्हणजे कुठला थर कुठे चालतो ते कळणं. कार्डावरच्या 'सूर' या रकान्यात आता थरही लिहिते.

२१ फेब्रुवारी

वाक्प्रचारांना हात घातला. नियम एकच, जो मी स्वतः कुठेतरी ऐकला किंवा वाचला तोच घ्यायचा. शाळेत घोकलेला 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' इतक्या दिवसांच्या ऐकण्यात एकदाही आला नाही, पाऊस जोरात असला की लोक सरळ 'इट्स पोअरिंग' म्हणतात.

सगळ्यात आधी तो 'प्ले इट बाय इअर'. संगीतातला आहे, समोर लिहिलेले स्वर न ठेवता नुसतं ऐकून वाजवणं. त्यावरून, आधी काही न ठरवता जसं होईल तसं बघणं. आपलं 'वेळ येईल तसं बघू'. कार्डाच्या पुढच्या बाजूला अर्थ न लिहिता प्रसंग लिहिलाय: 'संध्याकाळी भेटायचंय, पण काम कधी संपेल माहीत नाही, मैत्रीण विचारतेय किती वाजता. तू काय म्हणशील?' हे फार छान चालतंय, कारण मग डोकं मराठी शब्दातून न जाता थेट प्रसंगातून तिकडे पोचतं.

आता मराठीशी जोड्या लावताना जे सापडलं ते सविस्तर लिहिते, कारण याची यादी मला कुठे तयार मिळाली नाही आणि मराठी बोलणाऱ्याची फसगत नेमकी इथेच होते.

'पुलिंग समवन्स लेग' आणि आपलं 'पाय ओढणं'. शब्द तेच, अर्थाला काही संबंध नाही. इंग्रजीत ती प्रेमाची मस्करी आहे, खोटंच काहीतरी सांगून क्षणभर फसवणं. मराठीत पाय ओढतो तो वर चढणाऱ्याला खाली खेचतो, त्यात मत्सर आहे.

'कान भरणं' आणि 'गेटिंग अॅन इअरफुल'. आपल्याकडे कान भरणारा तिसऱ्याच माणसाविरुद्ध विष कालवतो. तिकडे 'इअरफुल' मिळतं ते स्वतःलाच, म्हणजे चांगली खरडपट्टी.

'वॉटर ऑफ अ डक्स बॅक' वाचून मी लगेच 'पालथ्या घड्यावर पाणी' लिहून मोकळी झाले होते. चूक. पालथा घडा म्हणजे कितीही शिकवा, आत काही जात नाही, शिकवणाऱ्याची तक्रार आहे ती. बदकाच्या पाठीवरचं पाणी म्हणजे टीका, टोमणे, आणि ते ज्याला लागत नाही त्याच्याबद्दल बहुधा कौतुकच असतं.

'कोल्ड फीट' सगळ्यात बारीक फरकाचं आहे. आपले हातपाय गार पडतात ते भीतीने, कधीही, साप दिसला तरी. 'कोल्ड फीट' साठी आधी होकार दिलेला असावा लागतो. ठरवलं, कबूल केलं, आणि ऐन वेळी धीर सुटून मागे फिरावंसं वाटलं, तरच.

नीट जुळणारेही आहेत. 'गेटिंग आउट ऑफ हँड' म्हणजे हाताबाहेर जाणं, जसंच्या तसं. 'अ बॅड वर्कमन ब्लेम्स हिज टूल्स' म्हणजे नाचता येईना अंगण वाकडं. 'आउट ऑफ द फ्राइंग पॅन इंटू द फायर' म्हणजे आगीतून फुफाट्यात, फक्त तिकडे तव्यातून आगीत पडतात आणि आपल्याकडे आगीतून निघून तापलेल्या राखेत, हा फरक मला फार आवडला, किती वेळ त्यावरच विचार करत बसले.

आणखी एक, वाक्प्रचारांच्या उगमाच्या गोष्टी वाचायला गोड लागतात पण त्यातल्या कितीतरी रचलेल्या असतात, म्हणून चांगल्या शब्दकोशात दिलं असेल तेवढंच लिहायचं.

६ मार्च

आजारी होते. सहा दिवस काहीच झालं नाही. अँकीत २१४ कार्डं साचलीत. नवीन शब्द बंद, रोज ४० जुनी. एवढंच.

१४ मार्च

फ्रेजल व्हर्ब्ज. याची मला लहानपणापासून भीती, 'पुट' एकच आणि त्याचं 'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणं, 'पुट अप विथ' म्हणजे सहन करणं, 'पुट आउट' म्हणजे विझवणं, 'पुट डाउन' म्हणजे खाली ठेवणं आणि अपमान करणंही. हे पाठ कसं करायचं?

आज दुसऱ्या बाजूने विचार केला. आपण म्हणतो करून टाकलं, करून ठेवलं, करून घेतलं, करून दिलं, करून बसले. क्रिया एकच, 'करणं', आणि शेपटीने सगळा रंग बदलतो. 'बोलून टाकलं' यात मोकळं झाल्याची भावना, 'बोलून बसले' यात पश्चात्ताप. कुणी परका मराठी शिकत असेल तर त्याला हेच जीवघेणं वाटत असणार, आणि आपल्याला ते कुणी कधी शिकवलेलंच नसतं.

मग 'अप' कडे तसं बघितलं. 'इट अप', 'यूज अप', 'फिनिश अप', 'ड्राय अप'. सगळीकडे पुरतं, शेवटपर्यंत. खाऊन टाक, वापरून टाक, संपवून टाक! एका फटक्यात बारा-तेरा क्रियापदं जागेवर बसली. सगळीकडे लागू होत नाही हे, 'शो अप' म्हणजे येऊन उगवणं, 'मेक अप' म्हणजे रचून सांगणं किंवा भांडण मिटवणं, तिथे वेगळं कार्डच हवं. पण भीती गेली, आणि ती जाणं मला सगळ्यात मोठं वाटतं.

३० मार्च

उच्चारांचा दिवस. वाचून शिकलेले शब्द तोंडाने कधी म्हटलेच नव्हते. 'हायपरबोल' म्हणत होते, आहे 'हायपर्बली'. 'एपिटोम' नाही, 'इपिटमी'. 'सटल' मध्ये बी बोलायचाच नाही. 'इंडिक्ट' नाही, 'इंडाइट'. आणि 'अराय', म्हणजे बिघडलेलं, गडबडलेलं, हा शब्द मी इतकी वर्षं मनात 'ऑरी' असा वाचला, त्यामुळे कुणी बोलताना वापरला तरी तो हाच हे मला कळतच नव्हतं. म्हणजे उच्चार चुकला की ऐकणंही चुकतं.

देवनागरीत उच्चार लिहायला सोयीचं पडतं, कार्डांवर लिहायला लागले. पण आघात त्यात दिसत नाही. 'रेकॉर्ड' नाम असेल तर जोर पहिल्यावर, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर. जोराचं अक्षर गडद करते आता.

१८ एप्रिल

देशागणिक अर्थ फिरतो, त्यातले दोन आज नोंदवते. मीटिंगमध्ये एखादा विषय 'टेबल' करायचा म्हणजे ब्रिटनमध्ये चर्चेला घ्यायचा आणि अमेरिकेत बाजूला ठेवायचा, अगदी उलट. दुसरं आपल्या तोंडचं, 'आय हॅव अ डाउट'. आपल्याला शंका विचारायची असते, बाहेरच्याला वाटतं आपल्याला संशय आहे. मी आता 'आय हॅव अ क्वेश्चन' म्हणते. 'प्रीपोन' मात्र मी सोडणार नाही, आपल्या लोकांत तो नेमका आणि कामाचा शब्द आहे, फक्त समोर कोण आहे ते बघून वापरायचा.

९ मे

किती शब्द पुरे, हा प्रश्न सुरुवातीपासून डोक्यात होता. पॉल नेशन या न्यूझीलंडमधल्या अभ्यासकाचा हिशोब असा की कादंबरी किंवा वर्तमानपत्र न अडखळता वाचायला मजकुरातले ९८ टक्के शब्द ओळखीचे हवेत, आणि त्यासाठी साधारण ८००० ते ९००० शब्दकुटुंबं लागतात. कुटुंब म्हणजे 'डिसाइड' बरोबर 'डिसाइडेड', 'डिसाइडिंग' असे त्याचे सगळे नातेवाईक मिळून एक. ९८ टक्के म्हणजे दर पन्नास शब्दांत एक अनोळखी. तिथेच एव्हरिल कॉक्सहेडने २००० साली अभ्यासाच्या, संशोधनाच्या लिखाणातल्या ५७० शब्दकुटुंबांची यादी केली, अशा मजकुरातला साधारण दहावा हिस्सा त्यातून येतो. माझ्या १२०० च्या यादीपेक्षा ही कितीतरी उपयोगी, कारण ती अवघड म्हणून निवडलेली नाही, सारखी भेटते म्हणून निवडलेली आहे.

हे वाचून आज अँकीत सरळ दोन गठ्ठे केले. 'ओळखायचे' आणि 'वापरायचे'. 'युबिक्विटस' मला ओळखता आला तरी पुरे, तो बोलायची मला गरज पडत नाही. वापरायच्या गठ्ठ्यात एका वेळी ६० च्या वर कार्ड ठेवायचं नाही, आणि तीन वेगवेगळ्या दिवशी खऱ्या बोलण्यात वापरल्याशिवाय कार्ड बाहेर काढायचं नाही. हे जानेवारीत केलं असतं तर!

२९ मे

दर शनिवारी अर्धा तास एका मैत्रिणीशी इंग्रजीत बोलते, तिचाही हाच अभ्यास चालू आहे. आज तिने मधेच थांबवून म्हटलं, 'अगं, तू मुद्दे बरोबर मांडतेस पण प्रत्येक वाक्य निकाल दिल्यासारखं वाटतं.' खरं होतं. माझ्या बोलण्याला सांधणारे छोटे शब्दप्रयोगच नव्हते. 'दॅट सेड', 'टू बी फेअर', 'फेअर इनफ', 'आय सी व्हेअर यू आर कमिंग फ्रॉम', 'इट स्लिप्ड माय माइंड'. एकही शब्द अवघड नाही, कुठल्याच अॅडव्हान्स्ड यादीत नाही, आणि तरी बोलणं माणसाचं वाटतं ते यांच्यामुळेच.

'फेअर इनफ' वर आम्ही दहा मिनिटं घालवली. 'मला पटलं' एवढं पूर्ण ते नाही. 'तुझं म्हणणं रास्त आहे, मी यावर वाद घालत नाही' असं काहीतरी, आपण 'बरं, ठीक आहे' म्हणतो तसं, आणि तोडून म्हटलं तर रुसल्यासारखंही लागतं. सूर रेकॉर्ड करून कार्डाला आवाज जोडला.

२० जून

जानेवारीचाच विषय, पाच मिनिटं, परत रेकॉर्ड. 'गुड' ४, 'व्हेरी' ५, 'प्रॉब्लेम' ३. पण आकड्यांपेक्षा एका जागेवर आनंद झाला. पूर्वी शब्द अडला की मी गप्प व्हायचे. आता 'हाऊ शॅल आय पुट इट' म्हणून तोवर दुसरी वाट शोधते.

वापरायच्या गठ्ठ्यातून आजवर १७३ कार्डं बाहेर पडली. १२०० नाहीत. पण ही १७३ माझी आहेत.

४ जुलै

सहा महिने झाले, थांबत नाहीये. उद्यासाठी ९ कार्डं आहेत, त्यात 'बिग्रज' दुसऱ्यांदा चुकलाय. 'आय डोन्ट बिग्रज हिम हिज सक्सेस'. शब्दकोशात 'हेवा करणे' दिलंय पण हेवा वाटला तरी माणूस दुसऱ्याचं भलं व्हावं म्हणू शकतो, हा त्याहून कडू आहे, समोरच्याला ते मिळायलाच नको होतं असं आतून वाटणं. काल रात्री सुचलं, 'डोळ्यात खुपणं'. त्याचं यश माझ्या डोळ्यात खुपत नाही. बरंचसं बसतं. पण वेळ किंवा पैसा द्यावा लागला आणि तो जिवावर आला, तिथेही हाच शब्द येतो आणि तिथे डोळा चालत नाही. शनिवारी मैत्रिणीला विचारायचं, तोपर्यंत कार्डावर दोन्ही वाक्यं लिहून ठेवलीत.